एकाचे आठ

"वाच," कोंडीराम मुलीला म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. इतकी वर्षं हा शब्द सत्यशीला त्यांना म्हणत आली होती. जन्मापासून दृष्टी नसलेल्या या मुलीला त्यांनी पहिलीच्या पुस्तकापासून एम.ए.पर्यंत सगळं वाचून दाखवलं होतं. आता त्यांच्याच डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली राखायची तर लवकर ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंगळवार ठरला होता आणि कोंडीराम तो मंगळवार टाळायच्या बेतात होते.

म्हणून रविवारी सकाळी दापोडीच्या घरात बापलेक कॉम्प्युटरसमोर बसले होते. स्क्रीन नेहमीप्रमाणे बंद. कुणी विचारलंच तर सत्यशीला सांगायची, तेवढंच विजेचं बिल कमी येतं. कॉम्प्युटरमधला आवाज तिला पानं वाचून दाखवायचा. वेबसाइट अंध माणसाला नीट वापरता येते की नाही ते तपासायचं, हीच तर तिची खराडीच्या कंपनीतली नोकरी होती. काचबिंदूचे रुग्ण जिथे आपापले अनुभव लिहितात तो मराठी फोरम तिनं उघडला, हेडफोनची पिन उपसली आणि आवाजाचा वेग उतरवला. एरवी ती ज्या वेगानं ऐकायची, तो कोंडीरामांना फोडणीत मोहरी तडतडल्यासारखा वाटायचा.

"मधलं काही गाळायचं नाही," कोंडीरामांनी सांगून टाकलं. त्यांनी स्वतः कधी गाळलं नव्हतं. पेपर वाचायला बसले की जाहीर नोटिशीसुद्धा सोडायचे नाहीत. फोरम असा वाचायचा नसतो, हे सत्यशीलाच्या ओठांवर आलं होतं. पण भ्यालेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिनं सलग वाचनाची कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

साताऱ्याच्या एका माणसानं लिहिलं होतं, ऑपरेशन झालं आणि माझी नजर गेली. कोंडीराम सावरून बसले. पुढच्या उत्तरात पुन्हा तेच, ऑपरेशन झालं आणि माझी नजर गेली. मग कुणी त्रिफळ्याचं पाणी सुचवलं, कुणी मेहुण्याच्या दुकानाचा फोन नंबर देऊन टाकला, आणि पुन्हा ती नजर गेलीच. कोंडीराम बोटं मोजू लागले. दुसऱ्या हाताचं तिसरं बोट आलं तसा त्यांनी थांब म्हणून हात वर केला. मग तो तिला दिसणार नाही हे आठवून तोंडानं म्हणाले, "बंद कर. आठ जण आंधळे झाले. मंगळवारी मी जात नाही."

"बाबा, आठ नाहीत. एकच आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. उत्तर देणारा आधी मूळ माणसाचं म्हणणं जसंच्या तसं वर चिकटवतो आणि खाली आपली भर घालतो, अशी इथली रीत आहे. सातारकर बोलला एकदाच, बाकीच्यांनी त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. डोळस माणसाला ती चिकटवलेली चौकट दिसते, तो ती सोडून पुढे जातो. आवाजाला काही गाळू नको म्हटलं की तो बिचारा सगळं इमानदारीत वाचतो आणि पराचा कावळा होतो.

आता तिनं आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. एक कळ दाबली की थेट पुढच्या माणसाचं नाव. चौकट आली की दुसऱ्या कळीनं तिच्या पलीकडे. राहिलं ते फारच थोडं निघालं. 'काळजी घ्या' म्हणणारे होते, डॉक्टरांचं नाव विचारणारे होते, आणि माझं ऑपरेशन नीट झालं म्हणणारेही होते. ज्यांचं नीट झालं होतं त्यांनी एकेका ओळीत आटपलं होतं. मग तिनं सातारकराचं नाव शोधलं आणि त्याचं शेवटचं उत्तर गाठलं. भिऊन भिऊन मी तारखा पुढे ढकलल्या, त्यानं लिहिलं होतं, ऑपरेशन झालं तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तुम्ही थांबू नका.



"आणि तरी गेली तर? डोळे गेल्यावर माणसाचं राहतं काय?" कोंडीराम बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. शेजारी कोण बसलंय ते उशिरा लक्षात आलं होतं.

सत्यशीलाला लागलं. न लागायला ती काही दगड नव्हती. पण वडिलांचा आवाज असा कापताना तिनं आजवर ऐकला नव्हता, आणि तिला रागापेक्षा मायाच जास्त आली.

"गेली तर मी शिकवीन की सगळं," ती म्हणाली. "पण तुम्हाला शिकवायचं म्हणजे मला नोकरी सोडावी लागेल. त्यापेक्षा ऑपरेशन करून घ्या, मला सोपं पडेल."

कोंडीराम हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग घरात दुसरं कुणी ऐकत नाही ना, याचा अंदाज घेत हळूच म्हणाले, "मंगळवारी तूच चल. येताना एका डोळ्यावर पट्टी असेल, आणि दुसऱ्यानं मला आताशा काही दिसत नाही. घरी तू आणायचंस."