ऊबदार भिंत

सकाळी चहा उकळत ठेवून मंदाकिनीबाईंनी भिंतीवरच्या बॅटरीपुढचा पडदा नीट सारला. शहरात विजेच्या तारा आता उरल्या नव्हत्या. डब्याएवढ्या लिथियमच्या पेटीवर अख्खे घर चाले. पेटी फुगली की मात्र ती केव्हाही पेट घेई, म्हणून लगेच जमा करावी लागे, आणि नवी यायला सहा महिने जात. मंदाकिनीबाईंची आठवड्यापूर्वीच फुगली होती. पण सहा महिने शिवणयंत्र बंद ठेवून खायचे काय, म्हणून त्यांनी पडदा लावला होता.

भिंतीपलीकडची ऋतुजा विरजण मागायला आली.

"काकू, तुमची भिंत काय मस्त गरम असते हो! पाळणा तिलाच टेकवलाय. आमची कार्टी काल पहिल्यांदा रात्रभर झोपली. भाडं लावू नका म्हणजे झालं!"

मंदाकिनीबाईंना तिच्याकडे बघवेना.

"पाळणा आधी तिथून हलव," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझी बॅटरी फुगलीये. मी लपवून ठेवली होती."

ऋतुजा धावत सुटली. मंदाकिनीबाईंनी बटण बंद केले, पेटी उतरवून वाळूच्या बादलीत ठेवली आणि सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत मोकळ्या मैदानात नेऊन ठेवली.