हरकत क्रमांक एकेचाळीस

मिथुनने प्लॅस्टिकची खुर्ची बरोबर दारासमोर टाकली, तिच्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "चाची, चाचांना सांगा, आज आराम करा. ऊन लय हाय."

ऊन कसलं, सकाळचे साडेआठ वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी इथले पुढारी प्रदीपशेठ यांची पांढरी गाडी आडवी लावलेली. मिथुन शेठचा माणूस, चाळिशीचा, बोलायला मऊ. सकीनाकडचा, घरातला एकमेव मोबाइलही त्याने गोडीगुलाबीनेच मागून घेतला आणि खिशात टाकला.

"मला घरात कोंडतोस?"

"कोंडतो कुठं? बसलोय नुसता."

आत तिचा नवरा दाऊद खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. आज एक वाजता अलिबागला सुनावणी होती. लोकसभेच्या नव्या मतदारसंघांचा मसुदा आला, तेव्हा त्यांच्या मोहल्ल्याचे सरळ दोन तुकडे झालेले दिसले. नाल्याच्या अलीकडचे पनवेल पूर्व, पलीकडचे पनवेल पश्चिम. आता तो नाला वीस वर्षांपूर्वीच बुजवून मोहल्ल्याच्या मागून वळवलेला. नकाशात मात्र तो अजून सकीनाच्या अंगणातून वाहत होता. "माझी चूल पूर्वेला आणि न्हाणी पश्चिमेला," असं ती सगळ्यांना सांगायची. पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. चारशे घरं एकत्र होती म्हणून कोणीतरी विचारत होतं. तुटली की दोन्हीकडे मूठभर, मग पाण्याची लाइन मागायला जायचं कोणाकडे? शेठला नेमकं तेच हवं होतं.

दाऊदची सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली. नाला वळवला तेव्हाची मोजणी त्याच्याच हातची. म्हणून हरकत त्याच्या नावाने गेली, क्रमांक एकेचाळीस. आणि नियम असा, की ज्याची हरकत त्यानेच, नाहीतर त्याचं अधिकारपत्र असलेल्याने, समोर उभं राहून बोलायचं.

गेल्या आठवड्यात शेठ स्वतः येऊन चहा पिऊन गेला. सुनावणीचं अवाक्षर काढलं नाही. छताकडे बघून म्हणाला, "वरचा मजला झकास काढलात. परवानगीबिरवानगी घेतली असेलच." मजला कुवेतहून परत येणाऱ्या मुलासाठी, शहजादसाठी होता, आणि परवानगी नव्हती. त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातली माणसं आली. "चाचा, आमचं सगळं तुमच्यावर," म्हणाली. दाऊदने त्यांना येतो म्हणून शब्द दिला. शेठची धमकी पचवून शब्द दिला, याचं सकीनाला फार कौतुक वाटलं होतं.

माणसं सात वाजताच मिनीबस करून पुढे गेली होती. बसमध्ये आपला गुडघा दुमडत नाही, आपण ओळखीच्या गाडीवाल्या नीलेशच्या गाडीने मागून येतो, असं दाऊदने सांगितलेलं. साडेनऊ झाले तरी नीलेशची गाडी आली नाही.

"यांनीच परत पाठवली असणार," सकीना म्हणाली.

"असेल," दाऊद म्हणाला. "त्या मिथुनला चहा दे. तोही हुकमाचा ताबेदार."

"चहा देते माझी चप्पल." पण तिने दिला.

मागच्या दाराला कुलूप होतं आणि चावी खिळ्यावर नव्हती. सकीनाने डबे पालथे घातले, उशा उलटल्या. मग ती गच्चीवर जाऊन आली.

"शेजारच्या मुबीनाच्या गच्चीत पाय टाकता येतो. तिच्या जिन्याने उतरा, मागच्या रस्त्याला रिक्षा मिळेल."

"या गुडघ्याने?"

"मी हात देते ना."

"पडलो तर दोघंही पडू, सकीना."

"मग मला चिठ्ठी लिहून द्या. मी जाते, मी बोलते. नाला कुठून वाहतो ते मला काय तुमच्यापेक्षा कमी ठाऊक आहे?"

दाऊदने चष्मा शोधला, मग कोरा कागद शोधला. दोन ओळी लिहून फाडल्या, तारीख चुकली म्हणाला. पुन्हा लिहायला घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "अधिकारपत्राला दोन साक्षीदार लागतात. तुला तिथून परत पाठवतील. उगीच चारचौघांत अपमान."

जन्मभर कागद नियमाने करणारा माणूस. सकीनाला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. साडेअकरा वाजून गेले. अलिबाग दोन तासांवर. आता गच्चीचाही उपयोग नव्हता. ती फरशीवर बसली आणि रडली. पस्तीस वर्षं ज्या घराला झाडलं, सारवलं, त्याच घराने आज तिला धरून ठेवलं होतं. दाऊदने तिच्या पाठीवर हात ठेवला.

चार वाजता मिनीबस परत आली. नाव तीनदा पुकारलं, हरकतदार गैरहजर, हरकत फेटाळली. नकाशा होता तसाच कायम. माणसं दाऊदला जाब विचारायलाच आली होती, पण आडवी गाडी आणि दारातली खुर्ची बघून काय ते समजली. शेठला शिव्या पडल्या. दाऊदला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. "चाचा, तुमची काय चूक?" म्हणाले. दाऊद हमसून हमसून रडला.

मिथुन खुर्ची उचलून गाडीकडे निघाला, तशी सकीना त्याच्या मागे गेली.

"म्हाताऱ्याला घरात कोंडून त्याची जिंदगीभराची इज्जत घालवलीस. आईला कोणत्या तोंडाने सांगशील?"

मिथुन थांबला. त्याने मोबाइल तिच्या हातात दिला आणि लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आईवर नका जाऊ, चाची. शेठ तर आज मला दुसऱ्याच कामाला धाडणार व्हता. काल सांजच्याला चाचांचाच फोन आला, 'सकाळी दाराशी कोणाला तरी बसवा, नायतर बायको मला अलिबागला नेल्याबिगर सोडायची नाय.'"