दोनशे पाचवा मेसेज

सहा वर्षांत शामलाताईंनी रुसून गेलेल्या धाकट्या भावाला, राघवला, दोनशे चार लांबलचक मेसेज लिहिले होते. उत्तर एकाचंही नव्हतं, आणि फोन करायचा धीर होत नव्हता.

इंदरगंजला डिस्लेक्सियावर शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शामलाताई म्हणाल्या, "मॅडम, काही मुलं कामचोरच असतात. माझा भाऊ पुस्तक दिसलं की पळायचा. किती धपाटे खाल्ले त्यानं माझ्या हातचे!"

"कामचोर नाही, ताई," गरिमा मॅडम म्हणाल्या. "अशांना लिहिलेलं झेपत नाही. तेच बोलून सांगा, झटकन समजतं."

चहाच्या सुट्टीत शामलाताईंनी पहिल्यांदाच मेसेज बोलून पाठवला. "राघव, ताई बोलतेय रे. माझं चुकलं. अब तो घर आ जा."

पाच मिनिटांत राघवचं बोललेलं उत्तर आलं. लांबी चार मिनिटं बावीस सेकंद.