वाऱ्याची बेल

मानेवर वारा आला, तशी ती चहा गाळता गाळता थांबली.

खिडकी तर बंद होती. म्हणजे कोपऱ्यातला टेबलफॅन. म्हणजे दारावर कोणीतरी आहे. बेलचं बटण दाबलं की पंखा फिरेल, अशी जोडणी वायरमन सकाळीच करून गेला होता.

तिचे कान आधी गेले, मग हळूहळू डोळे. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. घरातली माणसं यायची ती एकदम खांद्यावर हात होऊनच. आईचा हात असला तरी ती दचकायची. दचकून दचकून जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून तर तिला ही स्वतःची खोली हवी होती. आईनं तिच्या तळहातावर बोटानं लिहून बजावलं होतं : "मी बेल वाजवीन. दार उघडलंस तर राहा. नाहीतर मुकाट्यानं घरी."

तिनं चहा पुरता गाळला, गॅस बंद केला. भिंतीला हात लावत दाराशी गेली, कडी काढली आणि तळहात पुढे केला.

"कोण?"

बोट फिरलं. "आई. किती हा उशीर!"

"चहा गाळत होते. तसाच टाकून पळत येऊ?"

तिनं आईचा दुसरा हात चाचपला. मूठ घामेजलेली, आणि मुठीत जादा चावी.

"लगेच चावी काढलीस? जरा म्हणून दम नाही!"

"लावणारच होते," आईनं लिहिलं. "तेवढ्यात दार हललं."

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिच्या दाराबाहेर ताटकळलं होतं, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

"आई, बाहेर हो. परत वाजव."

"वेडी आहेस का?"

"वाजव तर."

तिनं दार आईच्या तोंडावरच लावलं. चहा कपात ओतला आणि खुर्चीत जाऊन बसली.

वारा आला. थांबला. परत आला, तो मग थांबेचना. आईनं बटणावर बोट दाबूनच धरलं असणार. केस उडून तोंडावर येत होते. तिनं निवांत एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"आले, आले!" अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ती ओरडली. "एवढी कसली घाई?"