घासून दिलेली डिस्क

शेजारच्या धर्माजीतात्यांनी लेकीच्या गेल्या वर्षीच्या लग्नाचे फोटो नारायणगावच्या स्टुडिओतून आणायला माझी हार्डडिस्क नेली होती. परत देताना तात्या खुशीत होते. “तिथल्या कॉम्प्युटरवर उघडतच न्हवती. फॉर्मॅट करायची का, विचारत व्हती. म्हनलं, करा. लगेच चालली बघ!” तिच्यात वडिलांनी म्हटलेली भजनं होती. चार महिन्यांपूर्वी ते वारल्यापासून आई ती रोज ऐकायची. दुसरी कॉपी नव्हती. “तात्या, आतलं सगळं पुसलं गेलं.” तात्यांनी डिस्क पुन्हा हातात घेतली. “मला वाटलं, उसनं भांडं घासूनच परत द्यावं. आन् रिकामं देऊ नये, म्हनून लग्नाचे फोटो त्यातच ठेवले रं.” आईने मला एकेक फोटो उघडायला लावला. शेवटच्या पंगतीत वडील दिसले, बुंदी वाढताना, पाठमोरे. आई स्क्रीनजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “हाक मार की त्यांना.”