चादरीचा काठ

पाण्याची टाकी बघायला बाबा गच्चीवर धडाधड चढायचे आणि दवाखान्याच्या दारात पोचले की लंगडायचे. बेबीनं ते आज पुन्हा पाहिलं आणि दात आवळले.

बेबी त्याच दवाखान्यात काउंटरवर बसायची. डॉक्टर तिच्या लेखी देवमाणूस. साखरेचा आजार आई-बाबा दोघांनाही, म्हणून तिनंच दोघांना इथं आणलेलं.

आधी आई आली होती. "पायांची आग होते हो. चादरीचा काठ लागला तरी सोसत नाही. आणि हल्ली विसरायलाही होतं."

डॉक्टरांनी तिला चपलासुद्धा काढायला लावल्या नाहीत. "काकू, या वयात बायकांचं असंच असतं. मन रमवा."

बेबीला पटलं होतं. आई पहिल्यापासूनच कुरकुरी.

मग महिन्याभरात बाबा आले आणि तेच म्हणाले. आग, चादरीचा काठ, सगळं आईचं ढापलेलं. पण त्यांचे बूट-मोजे उतरवले गेले, तळव्याला टाचणी टोचून झाली, आणि नसांच्या दुखण्यावरची जबर गोळी मिळाली.

गोळ्या संपत होत्या. फक्त बाबा त्या गिळत नव्हते. काल सकाळी बेबी स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा त्यातली एक आईच्या बशीत पडताना तिनं पाहिली.

"ही कसली गोळी?"

"तिची साखरेची," बाबा म्हणाले. "तू तुझा डबा भर. उशीर होतोय."

आईनं मान वर केली नाही. गोळी चहाबरोबर गिळून टाकली.

पूर्वी रात्रभर येरझाऱ्या घालणारी आई आता ओंडक्यासारखी झोपायची. दिवसा शिवायला बसली की सुई हातात धरून भिंतीकडे बघत राहायची. बाबा म्हणायचे, "निवांत झालीय जरा." निवांत! बायको गप्प झाली की नवऱ्याला निवांतच वाटणार. एक दिवस उठलीच नाही तर?

आज आतून बाबांचा आवाज आला. "आग बरीच कमी आहे, डॉक्टर. पण विसरायला फार होतंय."

"मग लगेच तपासण्या करू. घरातल्या पुरुषाचं डोकंच चालेनासं झालं तर घर बसतं. तोवर गोळी चालू ठेवा." डॉक्टरांनी कागद ओढला.

बेबी काउंटर सोडून आत घुसली. "सर, लिहू नका. हे खात नाहीत गोळ्या. आईला चारतात. यांचे पाय ठणठणीत आहेत."

बाबांचा चेहरा उतरला. "बेबी, अगं ऐक..."

"ऐंशी किलोच्या माणसाची गोळी त्या पंचेचाळीस किलोच्या बाईला?" डॉक्टरांनी कागद टराटरा फाडला. "पोलिसांत देत नाही हे नशीब समजा. इथून एक गोळी मिळणार नाही यापुढे. चला, बाहेर."

जिना उतरताना बाबा अजिबात लंगडले नाहीत. बेबी त्यांच्या मागेच होती. आता आईला त्यांच्याबरोबर एकटं सोडायचं नाही, तिनं ठरवलं होतं.

खाली बाकावर आई बसली होती. हल्ली जिना तिला झेपत नसे. चपला काढून तिनं तळवे थंड फरशीला टेकवले होते. बाबांच्या आड बेबी आहे, हे तिला दिसलं नाही.

"मिळाल्या का हो?" तिनं हळूच विचारलं. "आज तरी मी शिकवलं तसं लंगडलात ना?"