साखळीची दोन टोकं

उजाडता उजाडता ताई तळ्यावर पोचली, तेव्हा मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. एकदोन नव्हे, पार पलीकडच्या काठापर्यंत नुसती उघडी तोंडं. जाळं टाकायला आठ दिवस उरलेले, तीन घरांची चूल या एका तळ्यावर पेटणारी, आणि सात मोठे मासे पोट वर करून तरंगायलाही लागले होते.

तिने दोघाही भावांना फोन करून उठवलं. पंप लावून तळ्यातलं पाणी उंचावरून तळ्यातच पाडायला सांगितलं, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. थोरला इंजिनपाशी बसला, धाकट्याने पाइप धरला. एकमेकांशी कोणी चकार शब्द बोललं नाही.

सहा महिने दोघांचं बोलणं बंद होतं. का, ते विचारू नये. त्यांनाही आता धड सांगता आलं नसतं. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून त्यांनी तळ्याच्या वेळासुद्धा वाटून घेतल्या होत्या. सकाळ थोरल्याची, संध्याकाळ धाकट्याची, तळ्यावरच्या खोलीची किल्ली विटेखाली. काही सांगायचंच असलं तर मध्ये ताई होती. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते आणि पाण्यात काय चाललंय ते मात्र कोणीच पाहत नव्हतं.

थोरल्याने बाही सरसावून हात पाण्यात घातला. हे घरचं जुनं माप: कोपरापर्यंत हात बुडाला तरी तळवा दिसला पाहिजे. पाणी मनगटाच्या जरा वर येताच तळवा नाहीसा झाला.

“ताई, त्याला विचार, पाणी इतकं हिरवं कशाने झालंय?”

धाकटा त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता.

“ताई, त्याला सांग, मी शेणखत टाकतोय. महिना झाला, रोज संध्याकाळी. तळाला पाणगवत माजलंय. पाणी हिरवं झालं की ऊन खाली जात नाही आणि गवत मरतं.”

“त्याला सांग, मी महिनाभर रोज सकाळी तुरटी टाकतोय. पाणी नितळ व्हावं म्हणून.”

ताई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. हळूहळू तिला उलगडा झाला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. सकाळी हा पाणी नितळ करायचा, मग ऊन थेट तळाला पोचायचं आणि गवत तरारायचं. संध्याकाळी ते गवत बघून तो खत टाकायचा. त्यातलं निम्मं गवतच खायचं, उरलेल्याने पाणी हिरवं व्हायचं. ते हिरवं बघून हा सकाळी पुन्हा तुरटीची गोणी फोडायचा. आणि रात्रभर ते हिरवं पाणी आणि ते गवत मिळून माशांच्या वाटची हवा संपवत होती.

“महिनाभर!” ती ओरडली. “एक शिवतोय, दुसरा उसवतोय, आणि मी मूर्ख रोज येऊन मधल्या मध्ये माशांना खाणं घालतेय! एकदा, फक्त एकदा विचारायचंत रे एकमेकांना!”

“ताई, त्याला सांग—” दोघं एकदमच म्हणाले.

“नाही सांगत! माझी टपालकचेरी आजपासून बंद.”

ऊन वर आलं तसे मासे एकेक करून खाली गेले. ताईने खोलीमागून जाड लोखंडी साखळी ओढत आणली. तिला गंज चढला होता, कारण ती एकट्याने चालवायची वस्तूच नव्हती. दोन काठांवर दोघांनी टोकं धरून ती तळावरून ओढायची, म्हणजे गवत मुळासकट सुटून वर येतं.

“आज फक्त हा कोपरा,” ती म्हणाली. “सगळं एकदम ढवळलंत तर उरलेले मासेही जातील. पंप चालूच राहू दे.”

थोरला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेला. ताई दोघांच्या मध्ये, बांधावर, खाद्याचं घमेलं उपडं घालून त्यावर बसली.

साखळी पाण्यात पडली आणि लगेच तिरकी झाली. थोरला तरातरा ओढत होता, धाकटा रेंगाळत होता.

“ताई, त्याला सांग, पाय उचल!” पलीकडून आवाज आला.

ताई समोर बघत बसली.

“ताई, त्याला सांग, सावकाश!”

ताईने पदराने घाम पुसला.

थोरल्याने वैतागून एक हिसका दिला. धाकटा घसरला आणि मांड्यांपर्यंत चिखलात गेला.

“अरे दादा, हळू की!”

थोरल्याने साखळी सैल सोडली.

“हळू काय हळू! तू झोपलायस का तिकडे?”

“मी झोपलोय? गाढवासारखा ओढतोयस तू!”

“मग एकदम ओढू! मी एक-दोन-तीन म्हणतो!”

“तूच का? मी म्हणणार!”

दोघांनीही म्हटलं, आपापल्या वेळेला. दोनदा साखळी पुन्हा तिरकी झाली, दोनदा एकमेकांचा उद्धार झाला. तिसऱ्यांदा ती सरळ आली आणि तिच्यामागून पाणगवताचे हिरवे भारे भसाभस वर आले. त्यांच्यासोबत तळाचा काळा गाळही वर आला.

“ताई!” पलीकडून थोरला ओरडला. “पाणी कसं दिसतंय गं आता?”

ताईने वाकून हात पाण्यात घातला. मनगट बुडायच्या आतच बोटं दिसेनाशी झाली.

“घाण!” ती ओरडली. “ओढत राहा.”